चारशेतला एक भाग वारा

एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच ती वाफ पुन्हा पाणी होताना बाहेर पडते. शाळेत ‘सुप्त उष्मा’ या नावाने हे पाठ केलेले असते आणि परीक्षा संपली की विसरलेलेही असते, कारण त्यातला आकडा विजेच्या बिलाच्या भाषेत कुणी सांगत नाही. तो आहे लिटरमागे सुमारे ०.७ युनिट. घरातला पंखा आठ-दहा तास फिरेल एवढी ऊर्जा. हा ०.७ लक्षात ठेवा. समुद्रावरच्या चक्रीवादळाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागर-हवामान संस्थेतले संशोधक ख्रिस लँडसी यांनी एका साध्या, सरासरी हरिकेनचा जमाखर्च मांडला आहे. साधा म्हणजे विक्रमी नव्हे, इतिहासात नाव न ठेवता विरून जाणारा. असे वादळ आपल्या केंद्राभोवती ६६५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात दिवसाला सरासरी दीड सेंटीमीटर पाऊस पाडते. दीड सेंटीमीटर! आपल्याकडे आषाढात एवढा पाऊस झाला तर त्याची बातमीही होत नाही. पण वर्तुळ पाहा. क्षेत्रफळ जवळजवळ १४ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे साडेचार महाराष्ट्र. एवढ्या जागेवर दीड सेंटीमीटर पाणी म्हणजे रोजचे २१ घनकिलोमीटर. धरणांच्या भाषेत सुमारे ७४० टीएमसी. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी. तेव्हा हे मधल्या मापाचे वादळ रोज सात कोयना आकाशात भरते आणि रोज सात कोयना समुद्रात रिकाम्या करते.

आता गुणाकार. २१ घनकिलोमीटर म्हणजे २१ लाख कोटी लिटर. त्याला ०.७ ने गुणले की दिवसाला साडेचौदा लाख कोटी युनिट. सारे जग, त्यातल्या प्रत्येक औष्णिक, जल, अणू आणि सौर केंद्रासकट, वर्षभरात साधारण ३० लाख कोटी युनिट वीज तयार करते. आपल्या सगळ्यांच्या वर्षभराच्या विजेएवढी उष्णता वादळ दोन दिवस आणि वर काही तासांत सोडून मोकळे होते. आणि हरिकेन दोन दिवसांत संपत नाही; आठवडा-दहा दिवस सहज चालते.

अणुबॉम्बची तुलना सगळेच करतात, म्हणून एकदा करून टाकू. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बची ताकद १५ किलोटन टीएनटीएवढी होती. हरिकेनमध्ये सुटणारी उष्णता दर सेकंदाला असे नऊ बॉम्ब फुटावेत एवढी आहे. वाक्य वाचून होईपर्यंत तीस-चाळीस झाले. माणसाने आजवर फोडलेला सर्वात मोठा बॉम्ब सोव्हिएत रशियाचा, ३० ऑक्टोबर १९६१ रोजी नोवाया झेमल्यावर फुटलेला, ५० मेगाटनांचा. त्याची सगळी ऊर्जा हरिकेनच्या हिशेबात सहा मिनिटेही पुरत नाही. वादळाच्या डोळ्यात अणुबॉम्ब टाकून ते मोडावे असे सुचवणारे अमेरिकेत दर पिढीत कुणीतरी निघते. त्यांना हा भागाकार करून दाखवला की पुरते.

इथवरच्या हिशेबात वारा कुठेच आला नाही. आपण ज्याला भितो, बातम्यांत ज्याचा वेग मोठ्या अक्षरांत येतो, तो वारा या सगळ्या ऊर्जेचा साधारण चारशेवा भाग आहे. लँडसींच्याच आकडेमोडीप्रमाणे वारा फिरता ठेवायला सुमारे दीड लाख कोटी वॅट लागतात. भारतातल्या सगळ्या वीजकेंद्रांची मिळून जी क्षमता, तिच्या सुमारे तिप्पट. झाडे उपटणारा, जहाजे बुडवणारा, गावे सपाट करणारा वारा ही या व्यवहारातली चिल्लर. नोटांची थप्पी वेगळीच आहे.

ती थप्पी जाते कुठे? वाफेचे ढग होताना सुटलेली उष्णता हवेला वर ढकलते. वर चढणारी हवा प्रसरण पावते, थंड होते, आणि बहुतेक सगळी उष्णता या चढाईतच खर्ची पडते. पंधरा-सोळा किलोमीटर उंचीवर, जिथे तापमान उणे ७० अंशांच्या आसपास असते, तिथे ही हवा बाहेर पसरते आणि उरलीसुरली उष्णता अवकाशात सोडते. खाली २८-२९ अंशांचा समुद्र, वर उणे ७०. उष्णतेच्या इंजिनाला लागतात तसे दोन टोकांचे दोन साठे. एमआयटीतल्या केरी इमॅन्युएल यांनी १९८० च्या दशकात वादळाकडे असेच, इंजिन म्हणून, पाहायला शिकवले. इंजिन तसे अगदी गळके. पण आकार एवढा अवाढव्य की गळून जे हाती राहते त्यानेच पृथ्वीवरची सर्वात भयंकर वादळे चालतात. अटलांटिकमध्ये त्याला हरिकेन म्हणा, वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून म्हणा नाहीतर आपल्याकडे चक्रीवादळ, बनावट एकच.

आता सरासरी सोडून विक्रमाकडे वळू. ऑक्टोबर १९७९ मध्ये पश्चिम पॅसिफिकवर ‘टिप’ नावाचे टायफून होते. ग्वाम बेटावरून उडणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या टेहळणी विमानांनी त्याच्यात सुमारे ६० फेऱ्या मारल्या. इतक्या वेळा आत शिरून तपासलेली वादळे फार थोडी. १२ ऑक्टोबरला विमान डोळ्यात असताना समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब निघाला ८७० हेक्टापास्कल. समुद्रसपाटीवर याहून कमी दाब आजतागायत कुठल्याही चक्रीवादळात मोजला गेलेला नाही.

८७० हा आकडा वाचून काही वाटत नाही, कारण आपण दाब अंगावर जाणवून घेत नाही. सामान्य दाब १०१३ असतो, म्हणजे समुद्राच्या प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांहून थोडी जास्त हवा उभी असते. टिपच्या डोळ्यात त्यातली सुमारे १४०० किलो हवा नव्हतीच. प्रत्येक चौरस मीटरवरून जवळजवळ दीड टन हवा उपसून बाहेर टाकलेली, आणि ती परत आत येऊ नये म्हणून भोवती ताशी ३०५ किलोमीटर वेगाने गरगरणारा वारा. वरचे ओझे एवढे हलके झाले की समुद्रही आपल्या जागी राहत नाही. दाब एक हेक्टापास्कलने उतरला तर पाणी साधारण एक सेंटीमीटर वर येते. म्हणजे टिपखालचा पॅसिफिक नुसत्या दाबाच्या फरकाने सव्वा-दीड मीटर फुगला असणार. वाऱ्याने ढकललेले पाणी यात धरलेलेच नाही.

विमानात आणखी एक गोष्ट नोंदली गेली. डोळ्यात, समुद्रापासून सुमारे दोन किलोमीटर उंचीवर, तापमान होते ३० अंश. एरवी उष्ण कटिबंधातही त्या उंचीवर याच्या निम्मे असते. इंजिन तापले होते, दुसरे काय. माझ्या मते टिपच्या सगळ्या विक्रमांत हा आकडा सर्वात बोलका आहे, आणि त्याचाच उल्लेख सर्वात कमी होतो.

विस्ताराचे सांगायचे तर टिपच्या जोरदार वाऱ्यांचा घेर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, २२२० किलोमीटर भरला. मुंबई-कोलकाता हवाई अंतर सुमारे १६५० किलोमीटर आहे. याच्या उलट टोकाला १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियाच्या डार्विन शहराचा चुराडा करणारे ‘ट्रेसी’. त्याचा जोरदार वारा केंद्रापासून पन्नासेक किलोमीटरच्या पलीकडे नव्हता. शहर मोडायला तेवढाही पुरला. म्हणजे आकारावरून ताकद ओळखता येत नाही, आणि टिप तर १९ ऑक्टोबरला जपानला पोचेपर्यंत निम्म्याहूनही मंदावले होते. त्याचा खरा कहर चालला तेव्हा खाली पाहायला पाणी होते आणि वर विमानातली माणसे.

पण कधी कधी खालीही माणसे असतात. १८ डिसेंबर १९४४ रोजी फिलिपिन्सच्या पूर्वेला ॲडमिरल विल्यम हॅल्सी यांचे तिसरे आरमार होते. तेव्हा जगात याच्या तोडीचा नौदलाचा ताफा दुसरा नव्हता: १३ विमानवाहू नौका, ८ युद्धनौका, शिवाय क्रूझर आणि विनाशिकांचा मोठा काफिला. आदल्या दिवशी जहाजांना तेल भरायचे होते. समुद्र इतका खवळला की होसपाइप तुटू लागले आणि बेत सोडावा लागला. वादळ नक्की कुठे आहे याचा अंदाज चुकला आणि ताफ्याचा काही भाग थेट त्याच्या वाटेत गेला.

इथे एक बारकावा समजून घेण्यासारखा आहे. तेल संपत आलेली विनाशिका हलकी होते आणि वरच्या बाजूने जड पडते. तिला तोल यावा म्हणून रिकाम्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरतात. पण पाणी भरले तर तेल घ्यायच्या वेळी ते आधी उपसावे लागते, त्यात वेळ जातो. आज ना उद्या तेल मिळेल या आशेवर काही जहाजांनी टाक्या वेळेवर भरल्याच नाहीत. ‘हल’, ‘स्पेन्स’ आणि ‘मोनॅहन’ या तीन विनाशिका आडव्या झाल्या त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. मोनॅहनवरचे सहा जण वाचले, फक्त सहा. एकूण ७९० माणसे गेली. १४६ विमाने नष्ट झाली. काही डेकवरून वाहून गेली, काही पोटातल्या हँगरमध्ये दोर तुटून एकमेकांवर आपटली. ‘मॉन्टेरे’ या विमानवाहू नौकेवर अशा आपटलेल्या विमानांनी पेट घेतला. त्या जहाजावरचा एक तरुण अधिकारी डेकवरून घसरत कडेपर्यंत गेला आणि थोडक्यात बचावला. त्याचे नाव जेराल्ड फोर्ड. पुढे १९७४ मध्ये तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. ‘ड्यूई’ नावाची विनाशिका ७५ अंशांपर्यंत कलंडली आणि तरीही सावरली. ९० अंशांना जहाज आडवे होते, म्हणजे ड्यूईवरची माणसे त्या काही क्षणांत जमिनीपेक्षा भिंतीवर उभी होती म्हणायला हरकत नाही.

जपानी आरमाराने त्या दिवशी एक गोळीही झाडली नव्हती. पुढच्याच वर्षी ग्वामवर टायफूनचा माग ठेवणारे नौदलाचे केंद्र सुरू झाले. टिपमध्ये शिरलेली विमाने त्याच बेटावरची, आणि अशी विमाने उडवायला लागण्यामागे ही ७९० माणसे आहेत.

वादळात मुद्दाम विमान घालण्याची सुरुवात मात्र त्याआधीची. २७ जुलै १९४३ रोजी टेक्सासमध्ये कर्नल जो डकवर्थ यांनी दिशादर्शक राल्फ ओहेअर यांना सोबत घेऊन एका इंजिनाचे प्रशिक्षण विमान गॅल्व्हस्टनजवळच्या हरिकेनमध्ये नेले आणि परत आणले. विमान टिकेल का, यावर ब्रिटिश वैमानिकांशी झालेली चेष्टामस्करी हे त्याचे निमित्त. असे धाडस दरवेळी निभावतेच असे नाही. सप्टेंबर १९८९ मध्ये बार्बाडोसच्या पूर्वेला नोआचे चार इंजिनांचे विमान ‘ह्यूगो’त शिरले, तेही जेमतेम साडेचारशे मीटर उंचीवरून, कारण वादळ एवढे बळावले असेल याची कल्पना नव्हती. डोळ्याच्या भिंतीत एका इंजिनाने पेट घेतला आणि विमान ३०० मीटरच्याही खाली आले. ते कसेबसे डोळ्यात पोचले आणि तिथल्या शांत हवेत घिरट्या घालत उंची मिळवत राहिले. हवाई दलाच्या दुसऱ्या विमानाने भिंतीतली त्यातल्या त्यात मऊ जागा शोधून दिली, तेव्हा कुठे बाहेर पडता आले.

वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने वाढते, ही गोष्ट फार थोड्यांच्या मनात असते. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यापेक्षा ३०० किलोमीटरचा वारा तिप्पट नव्हे, २७ पट ऊर्जा वाहून आणतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये मेक्सिकोच्या पश्चिमेला ‘पॅट्रिशिया’ या हरिकेनचा वारा ताशी ३४५ किलोमीटरवर गेला आणि त्यातली ताशी १९० हून अधिक किलोमीटरची वाढ एकाच दिवसात झाली. संध्याकाळी साधे वादळ म्हणून झोपी जावे आणि दुसऱ्या संध्याकाळी हे समोर यावे, असा प्रकार. क्षणिक झोताचा विक्रम याच्याही पुढचा आहे. १० एप्रिल १९९६ रोजी ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला बॅरो बेटावर ‘ऑलिव्हिया’ वादळात वाऱ्याचा झोत ताशी ४०८ किलोमीटर मोजला गेला. ही नोंद कागदांत तशीच पडून राहिली. जागतिक हवामान संघटनेने तिला विक्रम म्हणून मान्यता दिली ती २०१० मध्ये.

हा वारा पाण्याचे काय करतो हे पाहायला सहसा कुणी जागेवर नसते. सप्टेंबर २००४ मध्ये मात्र यंत्रे होती. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने मेक्सिकोच्या आखातात, साठ ते नव्वद मीटर खोलीवर, तळाशी दाबमापक बसवून ठेवले होते. ‘आयव्हन’ हरिकेन नेमके त्यांच्या डोक्यावरून गेले. यंत्रांनी टिपलेली सर्वात उंच लाट २७.७ मीटरची होती, म्हणजे नऊ मजली इमारत. १५ मीटरपेक्षा उंच लाटा २४ होत्या. यातली मेख अशी की ही यंत्रे दर आठ तासांतून साडेआठ मिनिटेच नोंद घ्यायची, उरलेला वेळ बंद. शिवाय वादळ ऐन भरात असतानाचा मारा त्यांच्या वाट्याला आलाच नाही. संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले की डोळ्याच्या भिंतीजवळ ४० मीटरच्या वरच्या लाटा उठल्या असाव्यात. एवढ्या लाटेला पाहणारा कुणी असला तरी सांगायला राहत नाही.

पावसाचा विक्रम शोधायचा तर हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर जावे. समुद्रातून सरळ वर आलेला हा ज्वालामुखीचा डोंगर वादळाच्या वाटेत उभा आहे, त्यामुळे एरवी खुल्या समुद्रात पडून नाहीसे होणारे पाणी इथे मोजता येते. जानेवारी १९६६ मध्ये ‘डेनिस’ वादळात तिथे २४ तासांत १८२५ मिलिमीटर पाऊस पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला होता आणि मुंबई त्यात बुडाली होती. फेब्रुवारी २००७ मध्ये ‘गामेद’ने त्याच बेटावर ७२ तासांत ३९२९ मिलिमीटर ओतले. चिकाटीच्या बाबतीत २०२३ च्या ‘फ्रेडी’ला तोड नाही. ऑस्ट्रेलियाजवळ जन्मून, आख्खा हिंदी महासागर ओलांडून, आफ्रिकेत मोझांबिकला दोनदा धडकून ते ३६ दिवस टिकले.

अशा यंत्राला वेसण घालायचा प्रयत्न माणसाने करून पाहिला नाही असे नाही. १९६२ ते १९८३ या काळात अमेरिकेचा ‘स्टॉर्मफ्युरी’ नावाचा सरकारी प्रकल्प चालू होता. डोळ्याच्या भिंतीबाहेरच्या ढगांत विमानातून सिल्व्हर आयोडाइड फवारायचे, तिथे नवी भिंत उभी राहील, डोळा मोठा होईल आणि वारा मंदावेल, असा त्याचा आराखडा. ऑगस्ट १९६९ मध्ये ‘डेबी’ हरिकेनवर फवारणी झाली, वारा एका दिवशी ३१ टक्क्यांनी आणि दुसऱ्या फवारणीच्या दिवशी १८ टक्क्यांनी उतरला. सगळे हरखून गेले. पुढे लक्षात आले की मोठी वादळे आपली जुनी भिंत टाकून नवी उभारण्याचा हा खेळ आपणहूनच करतात, फवारणी असो वा नसो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली होती. मात्र प्रकल्पाच्या निमित्ताने घेतलेली विमाने आणि जमवलेली मोजमापे पुढे अंदाज वर्तवण्याच्या कामी आली, म्हणून पैसा वाया गेला असे मी म्हणणार नाही.

वादळाला थांबवणाऱ्या गोष्टींत दोन मोठ्या: जमीन आणि थंड पाणी. दुसरी तर ते स्वतःच तयार करते. त्याच्या घुसळणीने खालचे गार पाणी वर येते आणि मागे काही अंशांनी थंड झालेला समुद्राचा पट्टा राहतो, उपग्रहाच्या नकाशावर स्पष्ट दिसणारा. वादळ एका जागी रेंगाळले की आपल्याच पायाखालचे इंधन संपवते. गरम पाण्याचा थर खोलवर गेलेला असला तर मात्र घुसळून वर येते तेही गरमच, आणि मग त्याला आवर राहत नाही. म्हणून पृष्ठभागाचे तापमान एवढेच पाहून भागत नाही, साधारण पन्नास मीटरपर्यंतचे पाणी २६.५ अंशांवर आहे का हे पाहावे लागते.

आपला अरबी समुद्र या यादीत लहान भाऊ मानला जातो. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मुंबईच्या बाजूने गेले तेव्हा वारा ताशी १८५ किलोमीटरच्या घरात होता, टिपच्या किंवा पॅट्रिशियाच्या पासंगालाही न पुरणारा. ते मुंबईवर आलेच नाही, समुद्रातून उत्तरेला गुजरातकडे निघून गेले. वाटेत तेलक्षेत्राजवळ नांगरलेला ‘पी-३०५’ हा तराफा होता, त्यावर २६१ माणसे होती. नांगर तुटले, तराफा वाहत जाऊन बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. नौदलाने रात्रभर त्या लाटांतून बाकीच्यांना उचलले. मे महिन्यात अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान २९-३० अंश असते. वादळाला २६.५ पुरतात.